भेगांच्या मलमात काय असतं

वजीर अत्तारांचा डावा हात उजव्या हातापेक्षा दहा वर्षांनी लहान दिसायचा. उजव्यानं आयुष्यभर बाजारात खांब रोवले, ताडपत्र्या ओढल्या, एम-ऐंशी गाडीवर पेट्या बांधल्या. तो रापून जोड्याच्या चामड्यासारखा झाला होता. डाव्याला मात्र एकच काम. कुठलंही मलम विकायला काढलं, की बोटभर आधी त्या हाताच्या पाठीवर चोळायचं आणि तो हात गिऱ्हाइकाच्या नाकासमोर धरायचा. "आधी अत्तार, मग गिऱ्हाईक," असं ते म्हणायचे. पाटस, भांडगाव आणि दौंड या तिन्ही बाजारांत बायकांना त्यांची ही रीत ठाऊक होती. कटलरीची दुकानं बाजारात पाच-सहा लागायची, बांगड्या-टिकल्या-कंगवे सगळ्यांकडं तेच. पण तोंडाला किंवा पायाला लावायचं काही घ्यायचं झालं, की बायका अत्तारमामांच्याच पालाकडं वळायच्या.

तीन वर्षांपासून त्यांच्याकडं सगळ्यात जास्त खपायची ती 'टाचसखी' नावाच्या मलमाची हिरवी डबी. उसाला पाणी धरून, चिखलात उभं राहून ज्यांच्या टाचा फुटलेल्या, त्या सगळ्यांना वजीरमामा डबी उघडून दाखवायचे. "आग व्हती का?" असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "आग? हे लावल्यावर टाच झोपी जाती, माय. घोरायला लागती."

पाटसच्या वस्तीवरचे रखमाजी आणि गिताबाई हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. रखमाजींनी चाळिशीपर्यंत मेंढरं राखली, मग मेंढरं विकून ऊस लावला. सत्तरी ओलांडली तरी माणूस ताठ होता, पण टाचा अशा की भेगेत चार आण्याचं नाणं उभं राहावं. पाटसच्या एका बाजारी दोघांबरोबर त्यांची नात साधना आली होती. ती दौंडला बारावी सायन्सला होती आणि कुठल्याही पुड्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय पुढं जायची नाही. बिस्किटाच्या पुड्यात काय काय असतं हे सांगून तिनं घरात दोघांची बिस्किटं बंद केली होती.

गिताबाईंनी डबी घेतली, तशी साधनानं ती उलटी केली.

"मामा, ह्यात अलॅन्टोइन आहे."

"असंल की. चांगली कंपनी हाय."

"ते काय असतं, माहितीय का तुम्हाला?"

वजीरमामांना माहीत नव्हतं. पण बाजारात 'ठाऊक न्हाई' म्हणणाऱ्या दुकानदाराचं पाल दुसऱ्या आठवड्याला रिकामं पडतं. ते म्हणाले, "थंडाव्याचं असतंय त्ये."

साधनानं मोबाईलवर बोट फिरवलं. पोरीच्या मनात काही वाईट नव्हतं. वर्गात सर विचारतात तेव्हा जशी उभी राहून उत्तर द्यायची, तशीच ती स्पष्ट वाचू लागली. "त्वचेला आराम देणारा पदार्थ. गाय, कुत्रा वगैरे सस्तन प्राण्यांच्या लघवीत आढळतो."

"कशात आढळतो?" गिताबाईंना कमी ऐकू यायचं.

"लघवीत, आजी."

"मुतात?"

गिताबाईंचा आवाज मेंढरं हाकण्याच्या काळातला होता. एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर जायची सवय त्याला. तो 'मुतात' भेळवाल्याच्या गाड्यापर्यंत गेला आणि तिथून माघारी आला.

पालापुढं हिरवी डबी हातात घेऊन उभ्या असलेल्या चार बायकांनी त्या एकदम खाली ठेवल्या. एकीनं बोटं पदराला पुसली. दुसरी म्हणाली, "अगं बया, मी तर रात्री लावून त्याच हातानं पीठ मळलं."

"थांबा, थांबा," वजीरमामा म्हणाले आणि खाली ठेवलेल्या डब्या पुन्हा पुढं सरकवायला लागले.

तेवढ्यात डेअरीवाला जालिंदर गर्दीतून पुढं आला. "मामा, एक सांगा. गाईचं हाय का कुत्र्याचं? गाईचं असंल तर मला दोन डब्या द्या."

"देशी गाईचं का जर्सीचं, त्ये बी इचार," मागून कुणीतरी बोललं.

वजीरमामांनी मान वर केली. गाईचं म्हणावं, तर जालिंदर दोन नेणार आणि त्याच्यामागचे आणखी दहाजण नेणार. कुत्र्याचं म्हणायचा प्रश्नच नव्हता. पण जे ठाऊक नाही ते ठोकून द्यायचं, हे त्यांच्या जिभेला जमेना. "जालिंदरभाऊ," ते म्हणाले, "मला खरंच ठावं न्हाई."

झालं. ज्यांना नको होतं ते गेलेच, ज्यांना हवं होतं तेही गेले. शेवटी भांडगावची एक ओळखीची बुरखेवाली बाई उरली. तिनं डबी हळूच परत ठेवली आणि दबक्या आवाजात विचारलं, "चाचा, फिर नमाज का क्या?"

बाजार बसला याचं वजीरमामांना एवढं काही वाटलं नव्हतं. बाजार काय, बसतो आणि उठतो. पण हा प्रश्न वेगळा होता. त्यांनी डाव्या हाताकडं पाहिलं. तीन वर्षं. दर बाजारी तीस-चाळीस वेळा. त्याच हातानं त्यांनी पाच वेळची नमाज पढली होती, तीन रमजान काढले होते, पुतणीच्या निकाहात दुआ मागितली होती.

दौंडला घरी आल्या आल्या त्यांनी तो हात कपड्याच्या साबणानं सात वेळा धुतला. त्यांची बायको शाहिस्ता दारात उभी राहून बघत होती. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "नमाजच्या आधी वुजू करता ना? हात धुता ना?"

"धुतो."

"मग गेलं की धुऊन."

"कसं जाईल?" वजीरमामा कळवळून म्हणाले. "ते मुरतं, शाहिस्ता! मीच सांगतोय ना तीन वर्षं लोकांना, वर राहत नाही, आत मुरतं म्हणून!"

शाहिस्तानं हसू दाबलं. मग वजीरमामांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून त्याच्या पाठीवर हिशेब मांडायला घेतला: दिवसाला पाच, वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, गुणिले तीन. आकडा पाच हजारांच्या वर गेल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. एवढ्या नमाजा परत पढायच्या म्हणजे बाजार सोडूनच द्यावा लागणार होता.

मशिदीतल्या मौलानांनी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकलं. ते वयानं वजीरमामांच्या मुलासारखे होते, पण माणूस तोलून बोलायचा. "चाचा, नुसत्या शंकेनं खात्री मोडत नसते," ते म्हणाले. "तुम्ही पाक-साफ समजून वापरलंत, तुमच्या नमाजा झाल्या. पण आता मनात आलंच आहे, तर जाणकाराला विचारा. तुमची निलोफर त्याच लायनीत आहे ना?"

निलोफर ही वजीरमामांची धाकटी मुलगी. केमिस्ट्रीत पदवी घेऊन ती शिरूरकडच्या एमआयडीसीत क्रीम-शाम्पूच्या एका कारखान्यात लॅबमध्ये लागली होती आणि शिरूरला आत्याकडं राहायची. फोनवर अर्धी गोष्ट ऐकूनच ती इतकी हसली, की वजीरमामांनी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिरूरची एसटी पकडली. हसण्यावारी न्यायचा विषय नव्हता हा. पिशवीत त्यांनी फडक्यात गुंडाळून एक डबी घेतली होती, आणि ती पिशवी त्यांनी गाडीत मांडीवर न ठेवता उजव्या हातात लांब धरली होती.

रविवार होता, निलोफर घरीच होती. तिनं डबी हातात घेतली, वाचली आणि या वेळी हसली नाही.

"अब्बा, साधना खोटं बोललेली नाही. ते प्राण्यांच्या लघवीत असतंच. झाडातही असतं, एका वनस्पतीच्या मुळात भरपूर असतं. पण डबीतलं तिथून आणत नाहीत."

"मग कुठून आणतात?"

"कारखान्यात बनवतात. आपण पाणीपुरीच्या पाण्यात लिंबूसत टाकतो. ते लिंबं पिळून केलेलं असतं का?"

"नसतं?"

"नसतं. पदार्थ तोच, बनवलेला निराळा. तसंच हे. कुठलं जनावर नाही, काही नाही. आणि टाकतात किती, तर शंभरात अर्धा भाग, एक, फार तर दोन. लहान बाळांच्या क्रीममध्येसुद्धा असतं. वर्षानुवर्षं तपासलेलं आहे. ह्याच्या इतकं गरीब काही नसेल डबीत."

वजीरमामांचा चेहरा खुलला. आत्यानं आणलेला चहा त्यांनी त्या बाजारानंतर पहिल्यांदाच डाव्या हातात घेतला. "कशापासनं बनवतात पण?"

निलोफर जरा थांबली. वडिलांचा स्वभाव तिला ठाऊक होता. "एक आम्ल असतं, आणि युरिया."

"युरिया? खताचा?"

"खताचा नाही, अब्बा. नाव तेच. शुद्ध केलेला. आणि तो तसाच घालत नाहीत, त्यापासून हे दुसरंच तयार होतं. रॉकेल निघतं त्याच तेलापासून प्लॅस्टिक होतं म्हणून आपण बादलीला काडी लावून स्टो पेटवतो का?" ती पुढं वाकली. "बाजारात युरियाचं नाव काढू नका. एवढंच सांगा, की हे कारखान्यात बनतं आणि निर्धोक आहे. आणि ज्याला भीती वाटते त्याला म्हणावं, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक दिवस बघ. लाल झालं, खाजलं, तर लावू नको. बस."

वजीरमामांनी सगळं एका कागदावर लिहून घेतलं. परतताना एसटीत त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. मौलानांना त्यांनी त्याच संध्याकाळी गाठून सगळं सांगितलं. मौलाना म्हणाले, "अलहम्दुलिल्लाह." मग इकडंतिकडं बघत त्यांनी चप्पल काढून टाच पुढं केली. "चाचा, ती डबी आहे का सोबत?"

पुढच्या बाजाराला पाटसला वजीरमामांनी पाल लावलं, कागद खिशात ठेवला आणि हाक घातली. माणसं आली, पण घ्यायला नव्हे, ऐकायला आली. मागच्या बाजाराची गोष्ट आठवड्यात वाढत वाढत इतकी झाली होती, की कंपनीत कुत्री पाळली आहेत असं एकजण छातीठोकपणे सांगत होता. समोर रखमाजी आणि गिताबाई बसले होते. साधना कॉलेजला गेली होती.

"ह्ये बगा," वजीरमामा म्हणाले, "ह्यात कुठल्याच जनावराचं कायबी न्हाई. मी शिरूरला जाऊन इचारून आलोय. कारखान्यात बनतंय ह्ये."

"कारखान्यात काय टाकून बनतंय पण?" जालिंदरनं विचारलं. "साखर उसाची बनती. ह्ये कशाचं?"

"केमिकलचं."

"म्हंजी इख," गिताबाई म्हणाल्या, आणि बायकांनी माना डोलावल्या. मूत बरं, पण केमिकल नको, असा बाजाराचा कौल पडायला लागला.

वजीरमामांना दिसलं, की हातातोंडाशी आलेला घास चाललाय. तीन वर्षांची पत, शिरूरची वारी, पोरीची पदवी, सगळं त्या एका शब्दात बुडत होतं. या लोकांना पटेल असा एक ओळखीचा, घरातला शब्द पाहिजे होता. आणि तो त्यांच्या खिशात होता. निलोफरनं काय बजावलं होतं ते त्यांना आठवलंही. पण तोवर शब्द तोंडातून निसटला होता.

"इख कसलं, वहिनी? युरिया असतो त्यात, युरिया! तुमच्या शेतात टाकता त्योच!"

गर्दीतल्या माना एकदम वर झाल्या. मग एखाद्याला हरवलेला भाऊ सापडावा तसे सगळ्यांचे चेहरे झाले. युरिया! पहिल्यांदा जालिंदर हसला, मग सगळे हसले. रखमाजी गुडघ्यावर हात ठेवून उठले.

"व्हय रं वजीर? युरिया?"

"व्हय आबा. त्यात भ्यायचं काय?"

"भ्यायचं कशाला? माज्या पडवीत सहा गोण्या हायत्या." रखमाजींनी बायकोला हात दिला. "चल गं. उगं डब्या घेत बसलो इतके दीस."

आणि ते गेले. त्यांच्यामागून बाकीचेही गेले, समाधानानं, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. वजीरमामा हातात कागद धरून बघत राहिले. "आबा, तसं न्हवं," असं ते दोनदा म्हणाले, पण वस्तीकडं जाणाऱ्या टेम्पोवाल्यानं तेवढ्यात हॉर्न दाबला होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता साधनाचा फोन आला. डबीवर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून तिनं नंबर घेतला होता. "मामा, लवकर या. आबांनी पायाला युरिया लावलाय आणि ते आता हौदात उभेत."

वजीरमामांनी एम-ऐंशी अशी हाणली, की पाटसच्या फाट्यावर त्यांची टोपी उडाली ती त्यांनी उचललीसुद्धा नाही. वाटेत त्यांच्या डोळ्यांपुढं एकच दिसत होतं, रखमाजींचे पाय. त्या पायांनी दरसाल कोकणापर्यंत मेंढरं नेली होती, आणि ते पाय आपल्या जिभेनं जाळले.

वस्तीवर पोहोचले तेव्हा म्हशींच्या पाण्याच्या हौदात रखमाजी धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे होते. म्हैस हौदाच्या कडेला मान टाकून त्यांच्याकडं रागानं बघत होती. गिताबाई एका हातात रिकामं पातेलं घेऊन बोलत होत्या, आणि बोलायला लागून त्यांना बराच वेळ झाला असावा.

"मी म्हनलं हुतं, नगा लावू. तर म्हनले, गोणीवर नीम कोटेड लिवलंय, नीम म्हंजी कडुलिंब, म्हंजी औषीदच हाय!"

हळूहळू सगळं कळलं. जेवण झाल्यावर रखमाजींनी ओंजळभर युरिया पाट्यावर वाटला, खोबरेल तेलात कालवला, भेगाभेगांत नीट भरला. वरून प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि पाय उन्हात करून बाजेवर पडले. पहिला अर्धा तास बरं वाटलं. मग गुदगुल्या झाल्या. मग ते बाजेवरून उठले ते चालत नव्हे, उड्या मारतच हौदापर्यंत गेले.

"वजीर," रखमाजी हौदातून म्हणाले, "तुज्या मलमानं टाच झोपायची. ह्यानं तर गावभर हिंडाय लागली."

वजीरमामांना हसू येईना. त्यांनी पायजमा वर केला, हौदाच्या कडेवर बसून रखमाजींचा एक पाय मांडीवर घेतला आणि बादलीतलं स्वच्छ पाणी ओतत भेगेतले दाणे बोटानं हळूहळू काढायला लागले. फोन साधनाच्या हातात होता, आणि फोनवर निलोफर.

"पाण्यानंच धुवा," निलोफर सांगत होती, "भरपूर. साबण नको, हळद नको, चुना नको."

"चुना मी आनलाच हुता," गिताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पातेलं पाठीमागं लपवलं.

"आत्ता काहीच लावू नका, टाचसखीसुद्धा नाही. डॉक्टरकडं न्या. आणि अब्बा..."

"बोल."

"काही नाही. घरी गेल्यावर बोलू."

दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिनं पाय पाहिले, कातडी लाल झाली होती, एका टाचेवर दोन फोड होते. ती म्हणाली, "वेळेवर धुतलंत म्हणून एवढ्यावर भागलं. हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

रखमाजी छताकडं बघायला लागले. गिताबाई पंख्याकडं. म्हातारा आपलं नाव घेणार नाही, हे वजीरमामांच्या ध्यानात आलं, आणि त्यामुळं त्यांना जास्तच लाज वाटली.

"मी सांगितलं, मॅडम," ते म्हणाले. "म्हंजी, सांगायचं एक होतं आणि सांगितलं एक."

डॉक्टरीणबाईंनी सगळी हकिगत ऐकली. मध्येच त्यांनी रुमाल तोंडाला लावला आणि खोकल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, "युरिया असतो काही मलमांत, हे खरं आहे. पण तो औषधाचा असतो, शुद्ध केलेला, तोलून घातलेला. शेताला जे मानवतं ते भेगेला मानवत नाही, आजोबा. मीठ भाजीत चांगलं लागतं म्हणून आपण डोळ्यांत घालतो का?" त्यांनी एक ट्यूब लिहून दिली. फोड बसले की तीन दिवसांनी लावायची, सकाळ-संध्याकाळ.

बाहेर मेडिकलमधून ट्यूब आणली, तशी सवयीनं साधनानं ती उलटी केली. वाचता वाचता ती थांबली.

"काय गं?" रखमाजींनी विचारलं.

साधनानं एकदा वजीरमामांकडं पाहिलं. "आबा... ह्यात अलॅन्टोइन आहे."

 दवाखान्याच्या ओट्यावर, दोन्ही पाय पट्टीत बांधून बसलेल्या रखमाजींनी मोठा श्वास घेतला.

"असू दे," ते म्हणाले. "कुत्र्याचं असू दे न्हाईतर कोल्ह्याचं. थंड हाय न्हवं?"

त्यावर पहिल्यांदा वजीरमामा हसले, आणि मग हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी रखमाजींना एम-ऐंशीवर मागं बसवून, पाय अधांतरी धरायला लावून, सायकलच्या वेगानं घरी नेऊन सोडलं.

त्या आठवड्यात साधनाला बसवून त्यांनी तिच्याकडून एक मोठा कागद लिहून घेतला. पोरीलाही जरा चुकचुकल्यासारखं झालं होतं. "मी अर्धंच वाचलं होतं, मामा," ती म्हणाली. "खाली लिहिलेलं होतं, की कारखान्यात बनवतात." म्हणून या वेळी तिनं सगळं लिहिलं: मलमात काय आहे, ते कुठून येतं, किती असतं, आणि शेवटी ठळक अक्षरात, 'आधी कोपराच्या आत थोडे लावून एक दिवस पाहा. शेतातला युरिया अंगाला लावू नका.' शेवटचं वाक्य रखमाजींनी आग्रह करून घालायला लावलं.

कागदापेक्षा जास्त काम रखमाजींनीच केलं. पुढच्या बाजाराला ते पट्टी बांधलेल्या पायांनी जीपमधून उतरले, वजीरमामांच्या पालात वेताच्या मोड्यावर बसले आणि पाय समोर पसरून ठेवले. कुणी डबीकडं बोट दाखवून नाक मुरडलं, की ते म्हणायचे, "इकडं ये. ह्ये बग. ह्ये युरियाचं. आन् ह्ये," दुसऱ्या पायाची पट्टी जरा सैल करून, "ह्ये मलमानं बसाय लागलेलं. आता सांग." जालिंदरनं तरीही विचारलं, की म्हणजे गाईचं अजिबात नाही का. नाही म्हटल्यावर तो जरा हिरमुसला, पण एक डबी घेऊन गेला.

कोपराची गोष्ट लोकांना भलतीच आवडली. फुकट लावून मिळतंय म्हटल्यावर बायका रांगेनं बाह्या वर करून उभ्या राहिल्या. ज्यांच्या टाचा धडधाकट होत्या त्यांनीही कोपर पुढं केले. एकीनं दोन्ही कोपरांना लावून घेतलं, एक दौंडच्या बहिणीसाठी.

आणि झालं असं, की एवढ्या सगळ्यांत दुसऱ्या दिवशी लाल झालं ते गिताबाईंच्याच कोपराला. रुपयाएवढा चट्टा, आणि खाज.  वस्तीवर जाऊन वजीरमामांनी तो चट्टा स्वतः पाहिला आणि निलोफरला फोटो पाठवला.

"अलॅन्टोइनचं नसेल, अब्बा," निलोफर म्हणाली. "त्यानं असं सहसा कुणाला होत नाही. वासाचं असेल. डबीत गुलाबाचा वास घातलाय ना, तो बऱ्याच जणांना सोसत नाही."

वजीरमामांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मुताचा आळ त्यांनी सोसला होता, केमिकलचा सोसला होता. पण हे जिव्हारी लागलं. आजा, पणजा, सगळ्यांनी जन्मभर वासच विकला होता. "वासानं कुणाला काय होतंय गं?" ते म्हणाले. "अत्तारांच्या घरात जन्मून असं बोलतीस?"

"खरं तेच बोलतेय, अब्बा. त्यांना बिनवासाचं द्या."

दौंडच्या होलसेलवाल्याकडं बिनवासाचं मलम मिळालं, पांढऱ्या डबीत. वजीरमामांनी ते रीतीप्रमाणं आधी डाव्या हाताला लावलं, एक दिवस थांबले आणि मग गिताबाईंच्या कोपराला लावलं. काही झालं नाही. पण गिताबाईंनी डबी नाकाला लावली, एकदा, दोनदा, आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

"वजीरभाऊ, ह्याला तर कसलाच वास न्हाई. लावलं का न्हाई, त्ये कळायचं कसं?"

"टाच बरी झाली की कळंल, वहिनी."

गिताबाईंची टाच महिन्याभरात बरी झाली. रखमाजींच्या टाचांना दीड महिना लागला. पट्ट्या निघाल्या, डॉक्टरीणबाईंनी आता यायचं कारण नाही म्हणून सांगितलं, तरी पाटसचा बाजार आला की रखमाजी नऊच्या जीपनं येतात आणि वजीरमामांच्या पालातल्या मोड्यावर बसतात. घरी कंटाळा येतो म्हणतात. बायका आता त्यांनाच विचारतात, कुठली डबी घेऊ म्हणून, आणि ते पाय पसरून, सगळं पहिल्यापासून सांगतात. वजीरमामा तेवढ्यात दोन चहा सांगून येतात.